वहिनीने नोंदवलेली चूक

माझी वहिनी पोटापाण्यासाठी गाड्या भिंतीवर आपटते. खऱ्या नव्हेत, लहान मुलांच्या शर्यतीच्या गेममधल्या. तिची कंपनी हे गेम बनवते आणि ते बाजारात जायच्या आधी त्यातल्या चुका शोधायचं काम हिचं. एकच वळण दोनशे वेळा घ्यायचं, गाडी उलटी पळवायची, नको तिथून उडी मारायची आणि काही अडलं की लिहायचं: काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. याचा पगार देतात हे ऐकून मी तोंडात बोट घातलं होतं.

घरीही खोड जात नाही. दादाने नवं कपाट आणलं, तर हिने त्याचं दार चाळीस वेळा उघडून बंद केलं आणि म्हणाली, "खालची बिजागरी कुरकुरते."

मी म्हटलं, "वहिनी, लग्नाआधी माझ्या भावाला असंच तपासायचं होतंस."

"तपासलं होतं ना वन्सं. दोष सापडले होते, पण परत घ्यायला तुमच्याकडचं कोणी तयार होईना."

दादा बिचारा स्क्रू पिळत बसला. असं आमचं घर, हसतं-खेळतं होतं हो.

भिंगरी ही त्यांची मुलगी. हे नाव माझंच. चालायला लागली तशी घरभर गरगर फिरायची, पायात पाय अडकायचे आमच्या. पाचव्या वर्षी ती पडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, स्नायूंचा आजार आहे, आधी पाय जातील, मग हात. उपाय? मान हलवली फक्त. मी त्या बाईला मनातल्या मनात शंभर शिव्या घातल्या. तिचा काय दोष, पण राग कुठेतरी काढायला नको?

नवव्या वर्षी भिंगरी चाकाच्या खुर्चीत होती आणि शाळा सुटली होती. मी कपडे शिवते, म्हणून मशीन उचलून तिच्याच खोलीत आणलं, म्हणजे दिवसभर कोणीतरी जवळ. शाळेतल्या मैत्रिणी आधी दहा-बारा यायच्या. मग पाच. मग कोणी येईना. मुलांना तरी किती बोल लावायचा! शेवटी तिघी उरल्या, त्याही पडद्यावर. दर शनिवारी दुपारी चार वाजता त्या आपापल्या घरून वहिनीच्याच कंपनीचा गेम लावायच्या, कानाला हेडफोन, आणि चौघींची शर्यत. भिंगरी शुक्रवारपासूनच घड्याळ विचारायला लागायची. तिला एवढंच हवं होतं, की त्यांच्याबरोबर एकदा शर्यत पुरी करायची. "शेवटचा नंबर आला तरी चालेल गं आत्या, पण रेषा ओलांडायचीय."

ते जमत नव्हतं. वेगाचं बटण सतत दाबून धरावं लागायचं आणि अर्ध्या रस्त्यात तिचं बोट सुटायचं. बाकीच्या पोचून दुसरी शर्यत लावायच्या, तरी हिची गाडी पुलावर उभीच.

मग वहिनी कंपनीत भांडली. म्हणाली, ज्यांच्या हातात जोर नाही त्यांच्यासाठी गाडी आपोआप पळाली पाहिजे, कडेवरून खाली जायला लागली तर आपोआप आत आली पाहिजे, आणि मुलांनी फक्त डावं-उजवं दाबलं तरी पुरलं पाहिजे. प्रोग्रॅम लिहिणारा एक चष्मेवाला आहे तिथे. तो म्हणाला, "एवढ्या थोड्या मुलांसाठी कशाला?" वहिनीने चिकटपट्टी आणली, त्याची चार बोटं एकत्र बांधली आणि म्हणाली, "आता खेळा." तीन शर्यती हरल्यावर तो कामाला लागला. चार महिन्यांत सगळं करून दिलं पठ्ठ्याने.

वहिनीने भिंगरीसाठी बशीएवढी दोन बटणं मागवली, एक डावं आणि एक उजवं. दाबलं की आत हिरवा दिवा लागतो. पहिल्या शनिवारी आम्ही तिघंही तिच्यामागे उभे. गाडी सुटली, वळली, पुलावरून गेली. दादा तर नाचायचाच बाकी होता. मग लांबलचक सरळ रस्ता आला. सरळ रस्त्यावर कशाला वळायचं? भिंगरीने काहीच दाबलं नाही. आणि पडद्यावर पाटी आली: "खेळताय ना? बटण दाबा." खाली दहा, नऊ, आठ.

भिंगरीने अंगठा सरकवायला घेतला. तिला वेळ लागतो. बटणापर्यंत पोचली तोवर आकडे संपले आणि नवी पाटी आली: "खेळाडू शर्यत सोडून गेला."

"मी आहे!" ती ओरडली. "अगं मी इथेच आहे!" पण शर्यतीतून बाहेर पडलं की आवाजही तुटतो. मैत्रिणींना काही ऐकू गेलं नाही. सवय झाली की जमेल म्हणून आम्ही थांबलो, पण पुढच्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी त्यांतली एक सुरुवातीलाच म्हणाली, "तू ना, हरायला लागलीस की पळून जातेस." भिंगरीने हेडफोन काढायला लावले. मला म्हणाली, "आत्या, मी कुठे गेले होते गं?"

सोमवारी वहिनी कंपनीत गेली ती वाघीण होऊन. हा दहाचा आकडा कोणी घातला, त्याला माझ्यासमोर उभं करा म्हणाली. चष्मेवाल्याने जुन्या नोंदी उघडल्या आणि पडदा तिच्याकडे वळवला.

ती दुपारीच घरी आली, चपलाही न काढता माझ्या मशीनजवळ येऊन बसली. भिंगरी झोपली होती.

"मीच लिहिलं होतं, वन्सं."

"काय?"

"गाडी आपोआप पळायला लागली, तेव्हा मी कंट्रोलर टेबलावर ठेवून चहाला गेले. आले तर गाडी चालूच. मी लिहिलं, खेळाडू नसतानाही गाडी थांबत नाही, ही चूक आहे. दहा सेकंद बटण दाबलं नाही तर विचारा, आणखी दहा सेकंद वाट बघा आणि बाहेर काढा." तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "दोनशे वेळा तपासलं मी. माझ्या हातांनी तपासलं."

मी एरवी कुणाला सोडत नाही. त्या दिवशी तिला जवळ घेतलं आणि दोघी ढसाढसा रडलो, पण आवाज न करता, पोर उठेल म्हणून.

ती पाटी काढायला सहा आठवडे लागले. एक ओळ खोडायची, आणि सहा आठवडे! म्हणे सगळे बदल एकदमच बाहेर जातात. जळलं मेलं त्यांचं एकदम. तेवढ्यात भिंगरीचा उजवा हात मांडीवरून उचलवेनासा झाला.

शेवटी बदल आला. वहिनीने मैत्रिणींच्या आयांना स्वतः फोन करून सगळं समजावलं आणि शनिवारी चौघी परत जमल्या. बटणं भिंगरीच्या अंगठ्यांखाली नीट सरकवून दिली. सरळ रस्ता आला, पाटी आली नाही. वळण आलं, गाडी कडेला गेली आणि आत आली. वहिनी ओरडत होती, "डावीकडे, डावीकडे!" आणि भिंगरी म्हणत होती, "घेतेय गं, घेतेय!" चौघींत चौथी आली, पण रेषा ओलांडली. हेडफोनमधून मैत्रिणींचा गलका मला मशीनपर्यंत ऐकू आला.

"शेवटचं वळण बघितलंस, आई?"

"बघितलं ना! काय घेतलंस गं!" म्हणत वहिनी लगबगीने स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग. तिने नळ सोडला होता आणि ओट्याला धरून उभी होती.

"दिवा एकदाही लागला नाही, वन्सं. दोन्ही बटणांचा. मी त्याच्याकडेच बघत होते. तिने एकदाही दाबलं नाही, तिला दाबता येत नाहीये. गाडी आपली आपण गेली." मग माझा हात घट्ट धरला. "तिला कळू देऊ नका. तिला वाटतंय, तिनेच चालवली."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

खोलीत परत आले तर भिंगरी दाराकडेच बघत होती. "आत्या, जवळ ये." मी वाकले. "आईला सांगणार नाहीस ना? मंगळवारपासून माझे अंगठे हलत नाहीत. ती केवढी भांडली गं याच्यासाठी. तिला वाटू दे, मीच चालवते."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि बरं म्हटलं.

दर शनिवारी चार वाजता दोघी पडद्यासमोर बसतात. आई वळणं सांगते, लेक घेतेय म्हणते, आणि मी तिथेच मशीनवर बसून, सुईत दोरा नसला तरी पाय मारत राहते.