ताईंच्या डोक्यावरचं झाकण

दूध उतू जाऊ नये म्हणून वहिनी गॅससमोर पहारा देत होत्या, तेवढ्यात दारावर टकटक झाली. शेजारचे चष्मेवाले. आयुष्यभर लोकांच्या नाकावर चष्मे बेतले आणि दुकान बंद केल्यावर अंगणात चाकांवरची खोली बांधायला घेतली. गाडीमागे ओढायची, आकाराने पाण्याच्या थेंबासारखी. आत दोन बिछाने, मागे मोठं झाकण. ते वर केलं की खाली स्वयंपाकघर. थोरल्या बहिणीला, ताईंना, समुद्र दाखवायचा, एवढाच बेत.

"तुमचा वजनकाटा मिळेल?"

"वाढलंय की घटलंय?"

"माझं नाही हो, झाकणाचं."

दूध उतरवून, काटा काखेत मारून वहिनी त्यांच्या मागोमाग गेल्या. झाकण तोलून धरायला दोन बाजूंना दाबाने गॅस भरलेल्या नळ्या होत्या, मोटारीच्या डिकीला असतात तशा. पहिली जोडी त्यांनी सगळ्यात दणकट आणली, तर झाकण बंद करताना ताई त्याला लोंबकळायच्या. मग झाकणाचं वजन करून हलकी आणली. काल दुपारभर ती ताठ उभी राहिली. आज सकाळच्या गारठ्यात मात्र चहा करणाऱ्या ताईंच्या मानेवर झाकण अलगद येऊन टेकलं.

"मला काही झालं नाही," ताई म्हणाल्या. "हाच तेव्हापासून पांढराफटक."

"थंडीत नळीचा जोर कमी होतो, ते हिशेबात धरलं होतं मी. तरी का यावं खाली?"

वहिनींची नजर झाकणाच्या आतल्या बाजूला गेली. लोखंडी तवा, दोन पातेली, झारा, कंदील, सगळं हुकांना ओळीने.

"वजन केलंत तेव्हा हा संसार होता का?"

चष्मेवाल्यांनी कपाळाला हात लावला. "हे कधी टांगलंस?"

"काल. हाताशी नको का?"

त्यांनी नळ्या सोडवल्या, काट्यावर काठी उभी केली, तिच्यावर झाकणाची कड टेकवली. भांडी काढून एकदा, टांगून एकदा. वहिनींनी वाकून आकडे वाचले. फरक चांगलाच होता.

"भरल्या झाकणाला पुरेल अशी जोडी आणतो," ते म्हणाले, "आणि एका बाजूला खटकन अडकणारी दांडी. नळी दमली तरी झाकण हलायला नको."

"एवढं लटांबर? मी काय काचेची आहे?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला.

"तुला हवं ते टांग, ताई. फक्त टांगण्याआधी मला सांग."