काढून ठेवलेली जाळी
"कर्माचे भोग, वहिनी. देवावर सोडा," मिलचा सुपरवायझर आईला सांगत होता. झेंडूचा वास आला की पांडेसऱ्यातला मिलजवळचा तो दवाखाना आठवतो. पप्पांचा उजवा हात मनगटापाशी संपला होता. हात अडकू नये म्हणून मशीनला असलेली जाळी दसऱ्याच्या पूजेसाठी काढली होती, ती कोणी परत बसवलीच नाही, असं पप्पा मला म्हणाले होते. आई मात्र मान हलवत होती, "त्याची मर्जी, भाऊ." सुपरवायझरने एक इंग्रजी कागद पुढे केला. पप्पांच्या डाव्या अंगठ्याला शाई लागली. "पोरगी इंग्लिश मीडियमची ना? विचारा तिला, साधा कागद आहे," सुपरवायझर हसला. परक्यांसमोर मी कधी बोलत नसे. कागद दोनदा वाचला. "पप्पा, यात चूक तुमची लिहिलीय," मी म्हणाले. "देवाचं नाव कुठेच नाही."