चहाच्या डब्यावरची बाई

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या एका वृद्धाश्रमात दमयंती नर्स आहे. मूळची साताऱ्याची. तिथले हॅरल्डआजोबा इंग्लंडात वाढले. लहानपणी त्यांनी भारतीय माणूस पाहिला नव्हता, घरातला चहाचा डबा मात्र रोज पाहिला. त्यावर मळ्यात वाकून पानं खुडणारी सावळी, हसरी बाई. अख्ख्या देशाचं काम त्या डब्याने त्यांच्यापुरतं ठरवून टाकलं.

डबा अजून उशाशी असतो. गोळ्या द्यायला गेलं की ते विचारतात, "मळ्यातून कधी आलीस?"

पूर्वी ती समजावायची, "आजोबा, मी मळा पाहिलेलासुद्धा नाही." आता रोज कोण डोकं फोडणार?

आज आजोबांना भेटायला त्यांची पणती आली होती. तिने आधी डबा पाहिला, मग दमयंतीकडे बघितलं.

"पण डब्यावरची तर हसतेय," ती म्हणाली.

सकाळपासून उभी असलेली दमयंती हसली.