दोन पापलेटांचा आशुतोष

गेल्या वर्षी बेलापूरजवळच्या दिवाळे गावात एक कुजबुज जेटीपासून देवळापर्यंत दोन तासांत पोचली: सुमित्राबाईंच्या भाविकाचं सीवूड्सच्या कुणा आशुतोषशी जमलंय, आणि तो रोज मासळीवाल्या शकुबाईकडून दोन पापलेटं मागवतो. सुमित्राबाईंनी जेवताना लेकीला विचारलं, "करतो काय तो?"

"कोण तो?" भाविका म्हणाली. या उत्तरावर कुठल्या आईचा विश्वास बसलाय? मासे खातो, म्हणजे आपल्यातलाच, एवढं त्यांनी मनाशी धरलं आणि भात वाढला.

भाविका बेलापूरच्या एका कंपनीत ॲपचे नमुने बनवते. नमुना म्हणजे खरं ॲप नव्हे. बटण दाबलं की पुढचं पान येतं, मागे मात्र काहीच नसतं; नाटकातल्या रंगवलेल्या दारासारखं. खरं बांधायच्या आधी चुका कळाव्यात, म्हणून हा खटाटोप. या खेपेला मासळीवाल्यांचं ॲप होतं आणि पहिल्यांदाच काम तिच्या एकटीकडे आलं होतं. तिच्या साहेब वैजयंती मॅडम. त्यांनी अट घातली, "शुक्रवारी मी बाजारात येते. एका मासळीवालीने कुणाला न विचारता चालवून दाखवलं, तर काम तुझं. नाहीतर पुण्याच्या टीमला देते."

भाविकाने बाजारातली सगळ्यात तिखट जीभ निवडली. सोमवारी सकाळी शकुबाईच्या हातात ऑफिसचा फोन दिला, "मावशी, दाबून बघा, सोप्पंय," म्हणाली आणि पळाली. हे सगळं लुटुपुटूचं आहे, एवढंच सांगायचं राहिलं. हुशार माणसांचं असंच असतं.

शकुबाईने दाबलं. फोनवर मागणी आली: आशुतोष, सीवूड्स, दोन पापलेटं. शब्द दिलेली मासळी दुसऱ्याला द्यायची नाही, हा तिचा धर्म. दोन मोठी पापलेटं बर्फात गेली, वर ओलं गोणपाट. मागणारी तीन गिऱ्हाइकं तिने हात हलवत परत पाठवली. मंगळवारी पुन्हा तोच. बुधवारीही तोच. शेजारणीने विचारलं, "कोन गो ह्यो?"

"भाविकाच्या वलखीचा दिसतोय. तिच्याच फोनात हाय."

झालं! दिवाळ्याला एवढं पुष्कळ.

बुधवारी संध्याकाळी भाविका दिसताच शकुबाई कडाडली, "कुठं हाय तुजा आशुतोष? तीन दिस त्याची पापलेटं आमीच खातो! नवरा इचारतो, लॉटरी लागली काय?"

भाविकाने कपाळाला हात लावला. "मावशी, कुणी येणारच नव्हतं. नुसतं दाखवायचं आहे ते."

"मंग खऱ्यासारखं कशाला केलंस? आनि खरा गिऱ्हाईक आला नाय, तर मी मासली कवा सोडू? ते कुठं हाय तुज्या फोनात?"

ते कुठेच नव्हतं. भाविकाने तीन दिवसांच्या पापलेटांचे पैसे भरून दिले आणि गुरुवारी एक पान वाढवलं. गिऱ्हाईक अर्ध्या तासात फिरकलं नाही, तर फोन विचारणार: ठेवू की विकू?

शुक्रवारी मॅडम शकुबाईच्या मासळीच्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. भाविका दोन पावलं मागे सरली. शकुबाईने दाबलं, आशुतोष आला. पुन्हा दाबलं, नवं पान आलं. तिने क्षणभरही विचार न करता 'विकू' दाबलं.

"ह्याला मी चांगली वलखते, मॅडम. मागवतो आनि येत नाय. तुमीच घ्या ही दोन, ताजी हायत."

मॅडमनी दोन्ही घेतली. काम भाविकाकडेच राहिलं.

आशुतोष नावाचा कुणी माणूस नव्हता. गिऱ्हाइकाच्या नावाची चौकट रिकामी दिसू नये, म्हणून भाविकाने सुचलं ते नाव टाइप केलं होतं.