आफरीनने तोंड दाबून धरलं

मंडळी, शाळेतून आत्ताच आलेय. चहाच्या आधी हे सांगते.

माझ्या पाचवीच्या वर्गात पोरं गटात अभ्यास करतात. नियम एकच: गटातलं जे पोर सगळ्यात कमी बोलतं, त्यानेच उत्तर द्यायचं. बाकीच्यांनी त्याला आधी शिकवायचं, मग गप्प बसायचं.

आज विचारलं, "तापी कोणत्या दिशेला वाहते?" सातपुड्यातल्या मोलगी गावाकडची सुनीता उभी राहिली. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी ही पोर जूनपासून वर्गात मराठीचा एक शब्द बोलली नव्हती.

तिच्याच गटातली, शेजारची आफरीन एरवी प्रश्न संपायच्या आत उत्तर ओरडते. आज तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

मलाच राहवेना. मी पहिलं अक्षर सुचवायला गेले, तर आफरीन माझ्यावरच ओरडली, "मॅडम, तिले उत्तर येस! थोडं थांबा ना!"

थांबले.

सुनीताने खिडकीकडे बोट दाखवलं आणि हळूच म्हणाली, "पश्चिमेला."

आफरीन टाळ्या वाजवत बाकावरच चढली!

नियम माझा होता, पाळला तिने. आभार गं पोरी.

तुम्हाला बोलता यावं म्हणून कधी कोणी असं स्वतःचं तोंड दाबून बसलं होतं का?