स्टिअरिंगवरचं लाल फडकं

हात पुसायला गिअरकाकांनी खिशातलं फडकं काढलं आणि त्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. फडकं लाल होतं. ते खिशात नव्हे, गाडीच्या स्टिअरिंगला बांधलेलं असायला हवं होतं. आणि ती गाडी घेऊन त्यांची लेक तान्ह्या बाळाला डॉक्टरकडे न्यायला निघाली होती, घाट उतरून.

तीस वर्षं काका ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करत होते. या गाड्यांत इंजिनाचं चाक तेल फेकतं आणि त्या जोरावर गिअरबॉक्सचं चाक फिरतं. म्हणूनच गाडी थांबली तरी इंजिन चालू राहतं. पण दुसरं चाक नेहमी जरा मागे राहतं, पेट्रोल फुकट जातं. म्हणून गाडीने वेग धरला की आतला क्लच दोन्ही चाकांना एकत्र जखडतो. याला म्हणतात लॉकअप. ब्रेक दाबला की ते सुटलंच पाहिजे, नाहीतर थांबणाऱ्या गाडीच्या चाकांबरोबर इंजिनही बंद पडतं, स्टिअरिंग दगडासारखं जड होतं.

कॉम्प्युटरवर काकांचा काडीचा विश्वास नव्हता. ते वायर टाकून गुडघ्यापाशी एक बटण लटकवायचे, स्वतःच्या हाताने लॉकअप लावून बघायचे. बटणाने लावलेलं लॉकअप ब्रेक दाबूनही सुटत नसे. बटण गाडीत असेपर्यंत स्टिअरिंगला लाल फडकं, हा त्यांचाच नियम. आज हाताला तेल लागलं म्हणून त्यांनी तेच फडकं सोडून हात पुसले होते आणि ते खिशात टाकलं होतं.

भिंतीवरच्या खुंटीवर बटण नव्हतं. म्हणजे ते गाडीतच! वळणावर तिचा गुडघा लागला तर? काकांनी फोन लावला. एकदा, चारदा, नऊदा. ती उचलेना. चालत्या गाडीत फोन घ्यायचा नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. घाटाची सगळी वळणं एकेक करून डोळ्यांपुढे येऊ लागली.

वीस मिनिटांनी फोन वाजला.

"बाबा, पोचलो आम्ही. नऊ फोन? काय झालं?"

"ते बटण... गाडीत..."

"माझ्या पर्समध्ये आहे. निघताना काढलं, वायर होती तशी जोडली."

मग काकांना दुसरीच भीती वाटली. "आणि सोमवारी गिऱ्हाईकाला दिलेल्या त्या पांढऱ्या गाडीतलं? ते काढल्याचं मला आठवत नाही."

"तिच्यातलंही मीच काढलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"भीती वाटत होती बाबा. बोलले तर हे विसरणं खरं होईल."

काकांनी फडक्याची घडी घातली.

"ऐक," ते म्हणाले, "उद्यापासून गाडी मी उघडीन, पण बंद तू करायची. तू बघितल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर जाणार नाही."

"वर्षभर तेच चाललंय, बाबा," ती हळूच म्हणाली.