शून्याची वाट पाहणारे सर

एकवीस नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी चार वाजून वीस मिनिटे. जगात नवे असे काहीच नाही, अशी आमच्या सरांची ठाम खात्री होती. आणि कुठेतरी काहीतरी नवे असेलच, या आशेवर त्यांच्याइतका जगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

ऐरोलीच्या आमच्या कचेरीत काम एकच : कुणी काही शोधून काढले, की ते याआधी कुणाला सुचले होते का, हे पेटंटच्या जुन्या कागदांत धुंडाळायचे. ही सवय सरांच्या अंगात इतकी मुरली होती, की शेजाऱ्यांच्या बारशाला आपोआप झुलणारा पाळणा पाहून ते बाळाच्या आजोबांना प्रेमाने म्हणाले, "जपानात आहे हो असा, तुमच्या जन्माआधीचा." पाळणा आजोबांनीच बनवला होता. शोधताना सर खिडकीतून खाडीच्या गुलाबी होत जाणाऱ्या पाण्याकडे पाहत आणि मधूनच एखादा शब्द पुटपुटत. तो मी संगणकावर टाकत असे आणि त्या फेरीत किती नवे कागद लागले, तो आकडा वहीत लिहीत असे. शून्य आले की थांबायचे, हा सरांचा नियम.

त्या दिवशी समोर सारसोळ्याच्या एक कोळीण मावशी होत्या. त्यांनी बोंबील वाळवायची अशी मांडणी केली होती, की मांजर चढले की फळी कलंडते, मांजर पडते, बोंबील मात्र जागचा हलत नाही. दुसऱ्या दिवशी ती प्रदर्शनात ठेवायची होती. एकदा चारचौघांनी पाहिली, की पेटंट हातचे जाणार. अर्ज त्याच संध्याकाळी हवा होता. आकडे उतरत होते : एकवीस, नऊ, चार, दोन. खारीला झटकणारे पाखरांचे दाणापात्र सापडले होते; पण त्यात दाणेही सांडत.

"मांजर झालं, खार झाली," सर स्वप्नात असल्यासारखे म्हणाले, "आता माकड बघू."

"सायेब, आमच्या सारसोल्यान माकड नाय, मांजरा हायेत," मावशी म्हणाल्या. "तुमी हत्तीपरत पोचाल, तवर माझा परदर्शन उठंल!"

माकडाच्या फेरीत एकच कागद आला, तोही केळ्यांच्या टांगणीचा.

"अजून एक फेरी," सर म्हणाले. "शून्य येईलच."

"सर, हा कागद आपल्या कामाचा नाही. थांबू या."

ते खाडीकडे वळले. "तरुणपणी मी एक झडप शोधली होती," ते म्हणाले. "शून्याची वाट पाहत दोन वर्षं जुने कागद शोधत राहिलो. शेवटी तशीच झडप सापडली. मी शोधायला बसल्यावर तिसऱ्या महिन्यात कुणीतरी नोंदवलेली." मग वही माझ्याकडे सरकवली. "तूच थांबव. मला नाही जमत."

अर्ज साडेपाचला गेला. पुढच्या उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. खाडी गुलाबी झाली, की अजून वाटते, माकडानंतर त्यांना कोणता शब्द सुचला असता? वही माझ्याकडेच आहे. त्या पानावर शून्य नाही. शेवटची नोंद : एक.